आडवी बाटली: गावातलं दारूचं दुकान मतदानाने बंद करतानाचा अनुभव

ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद झालं. महिलांच्या मतदानाने, रीतसर, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. ग्रामसभेत ठराव झाला तिथपासून दुकानाला कुलूप लागेपर्यंत एक वर्ष गेलं. आम्ही सुरुवात केली तेव्हा नीट सांगणारं कोणी नव्हतं. पेपरात 'अमुक गावात बाटली आडवी' एवढीच बातमी असते आणि सोबत गुलाल लावलेल्या बायकांचा फोटो. अर्ज कुठे द्यायचा, सह्या किती लागतात, मधल्या महिन्यांत काय करायचं, हे त्यात नसतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलं आहे.

मी गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं केंद्र चालवते. बचत गटात आहे. एवढ्या ओळखीवर बायकांनी कागदपत्रांचं काम माझ्याकडे दिलं.

नियम आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निदान 25 टक्के महिलांनी सह्यांनिशी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. (फक्त महिलांऐवजी सगळ्या मतदारांचं मतदानही मागता येतं. आम्ही महिलांचं मागितलं.) दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. इथे 'एकूण' या शब्दाकडे लक्ष द्या. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत 800 बायका असतील तर 401 मतं हवीत, मग त्या दिवशी केंद्रावर 500 येवोत नाहीतर 750. जी बाई आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीकडे जातं. जी वारली पण यादीत राहिली, जी लग्न होऊन चाकणला गेली, जी ऊसतोडीला गेली, त्या सगळ्या दुकानाच्या बाजूला मोजल्या जातात. आमचं वर्षभराचं काम खरं तर या एका गणिताचं होतं.

आमचं गाव मराठवाड्यातलं, कोरडवाहू. बरीच घरं दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) दसऱ्या-दिवाळीच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ मजुरी देतो आणि टोळी कारखान्याकडे निघते. एवढी मोठी रक्कम वर्षातून एकदाच हातात पडते. तिच्यातून किराण्याची उधारी फिटते, सोसायटीचं व्याज जातं, आणि त्याच पंधरवड्यात दारूच्या दुकानासमोर उभं राहायला जागा नसते.

माणसं एवढी का पितात, हे मला या वर्षात जवळून ऐकायला मिळालं. आधी मीही 'व्यसनी आहेत' एवढ्यावर विषय संपवणाऱ्यांचं बोलणं ऐकत मोठी झाले. एका कोयतेवाल्या भाऊंनी मला सांगितलं, "वहिनी, चवीसाठी कोण पितं? पहाटे तीनला फडात उतरायचं, दिवसभर तोडायचं, रात्री मोळ्या वाहून गाडी भरायची. पाठीचा काटा ढिला होतो. दोन घोट घेतले की डोळा लागतो." हे खोटं नाही. पण दारूने लागलेली झोप अर्ध्या रात्रीनंतर मोडते, माणूस उठतो तो आदल्या दिवसापेक्षा थकलेला. मग जी नव्वदी पुरत होती तिची क्वार्टर होते. शरीराला सवय झाली की सकाळी हात थरथरायला लागतात, आणि ती थरथर थांबवायला पुन्हा तीच लागते. तिथून पुढे तो माणूस मजेसाठी पीत नसतो, नुसतं नीट उभं राहता यावं म्हणून पीत असतो.

दुसरं कारण सोबतीचं. मुकादमाच्या बैठकीत जो बसत नाही तो टोळीच्या बोलण्यातून बाहेर पडतो. हळद असो, दहावा असो, बैलजोडीचा सौदा असो, ग्रामपंचायतीची निवडणूक असो, बाटली निघतेच. नको म्हणणाऱ्याला "बायकोला भितोय काय" हे ऐकावं लागतं. आमच्याकडची तरुण पोरं पहिला घोट घेतात तो बहुतेक वेळा निवडणुकीत, कारण तेव्हा तो फुकट असतो. शिकलेले, नोकरीवाले पीत नाहीत असंही नाही. ते तालुक्याला परमिट रूममध्ये बसतात, म्हणून चौकात दिसत नाहीत. गावात पडलेला दिसतो तो मजूर, आणि बदनामही तोच होतो. याचा मला फार राग येतो.

दुकानाचा विषय पेटला तो मुलींमुळे. एसटी स्टँडला जायचा रस्ता दुकानासमोरून. आठवीच्या पुढची शाळा शेजारच्या मोठ्या गावात. संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या मुलींना त्या गर्दीतून यावं लागायचं. जून 2023 मध्ये शाळा सुरू झाली आणि दोन घरांनी मुलींना पुढे पाठवायचं नाही असं ठरवलं. एकीच्या आईने बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं आणि ती रडायला लागली. मुलगी हुशार होती. अंगणवाडीताई म्हणाल्या, "पोरीची शाळा बंद करायला आपल्याला एक दिवस लागला. मग दुकान का नाही बंद करायचं?" तिथून सुरुवात झाली.

15 ऑगस्टला ग्रामसभा असते. तिच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे, पण पुष्कळ गावांत ती कागदावरच उरकतात. आम्ही ग्रामसेवकांकडे लेखी पत्र देऊन दुकानबंदीचा विषय दोन्ही सभांच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावला. हे आधी करा. 'आयत्या वेळचे विषय' यात टाकलेला ठराव नंतर कोणीही लटकवू शकतो. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. आम्ही बायकाच त्याहून जास्त जमलो होतो.

सभेत आक्षेप आले आणि ते सगळेच काही दुकानदाराच्या बाजूचे नव्हते. एक वयस्कर आबा म्हणाले, "बाई, दुकान गेलं की हातभट्टी येईल. दुकानातली तरी सरकारी शिक्क्याची असते." हा मुद्दा वजनदार आहे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये सरकारने ती उठवली, तेव्हा अवैध विक्री वाढल्याचंच कारण दिलं होतं. मी आबांना एवढंच म्हटलं की आपण जिल्ह्यात बंदी मागत नाही. शाळेच्या वाटेवरून, स्टँडच्या तोंडावरून दुकान हटावं एवढं मागतोय. ज्याला प्यायची आहे तो आठ किलोमीटर जाऊन पिऊन येईल. पण रोज येता-जाता ज्याचे पाय तिकडे वळतात, त्याचे काही दिवस तरी वाचतील. ठराव मंजूर झाला. इतिवृत्ताची शिक्क्याची प्रत मिळायला बरेच दिवस गेले. प्रत घेताना ठराव क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक ही नावं नीट आहेत का ते तिथेच वाचून घ्या.

अर्जात दुकानाची अनुज्ञप्ती (परवाना) कोणती ते लिहावं लागतं. देशी दारूच्या किरकोळ दुकानाची सीएल-3, वाइन शॉपची एफएल-2, परमिट रूमची एफएल-3, बिअर शॉपीची वेगळी. एकाच मालकाच्या दोन दुकानांच्या दोन अनुज्ञप्त्या असू शकतात. गावातलं एक बंद करून दुसरं चालू राहिलं तर उपयोग नाही. आम्ही माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अनुज्ञप्तीची प्रत मागवली. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते, त्यामुळे हे काम ठरावाच्या सोबतच सुरू करा, नंतर नको.

मग यादी. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवरून मतदार यादीची पीडीएफ उतरवून मी छापून काढली आणि गल्लीनुसार फाडून बचत गटांना वाटली. प्रत्येक गटाने आपल्या गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या नावापुढे खूण करायची: गावात आहे, ऊसतोडीला जाते, लग्न होऊन गेली, पुण्याला असते, वारली. त्या कागदांनी माझी झोप उडवली. एवढ्या सासुरवाशिणी आणि वारलेल्या आज्या यादीत होत्या की गावात असलेल्या जवळजवळ सगळ्या बायका आल्या तरच गणित जमणार होतं.

नाव कमी करायला फॉर्म 7 असतो. वारलेल्या व्यक्तीसाठी मृत्यूचा दाखला जोडून बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) द्यायचा किंवा ऑनलाइन भरायचा. लग्न होऊन गेलेल्या मुलींनी फॉर्म 8 भरून सासरच्या पत्त्यावर नाव हलवावं, म्हणजे इथलं आपोआप निघतं आणि तिलाही तिथे मत देता येतं. कोणाचंही नाव तिला न विचारता काढायला जाऊ नका, तसं करणं गैर आहे. फोन करा. मुली आनंदाने करतात. आमच्या एका लेकीने तर सासरी बसून आणखी तिघींचे फॉर्म भरून दिले. सुदैवाने ऑक्टोबरच्या शेवटी प्रारूप यादी येऊन जानेवारी 2024 मध्ये अंतिम यादी निघणार होती, त्या फेरीत आमचे अर्ज बसले. अठरा पूर्ण झालेल्या मुलींचे फॉर्म 6 ही त्यातच भरले.

सह्या आम्ही सप्टेंबरमध्ये घेतल्या. तक्त्यात यादीतला अनुक्रमांक, यादीत आहे तसंच पूर्ण नाव, मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि सही किंवा अंगठा. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदार. यादीत 'सुमनबाई' असेल आणि बाईने 'सुमन' अशी सही केली तरी पडताळणीत प्रश्न येतो. 25 टक्क्यांवर थांबू नका. पडताळणीत गळती होतेच: कोणी गावाला गेलेली असते, कोणाची सही जुळत नाही, कोणाला घरून येऊ देत नाहीत. आम्ही 40 टक्क्यांच्या पुढे गेलो तेव्हा थांबलो.

हे सह्यांचे दिवस सगळ्यात अवघड होते. सही उघड असते. अर्ज फिरतो, नावं कळतात. एका काकूंनी दाराआडून सांगितलं, "माय, मी सही करणार नाही. पण पेटीत मत टाकायला मला बोलव." मी त्यांना एका शब्दानेही आग्रह केला नाही. तुम्हीही करू नका. जिच्या घरात रात्री काय होईल हे तिलाच माहीत आहे, तिच्याकडून धाडस मागायचा आपल्याला हक्क नाही. उलट ज्यांचे नवरे पितच नाहीत अशा घरांतल्या बायकांनी आधी सह्या कराव्यात. आमच्याकडे पहिलं पान सरपंचबाई, आशाताई (गावच्या आरोग्यसेविका), मुख्याध्यापकांची पत्नी, पाटलांची सून यांनी भरलं. त्यानंतर बाकीच्यांना पानावर लपायला जागा मिळाली.

ठराव, सह्यांचे तक्ते, यादीची प्रत, अनुज्ञप्तीची माहिती असा गठ्ठा घेऊन आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. अर्ज राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांच्या नावे आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, तहसीलला व पोलीस ठाण्याला. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. पुढचे सगळे महिने तुम्ही त्या आवक क्रमांकानेच ओळखल्या जाल. एसटीला महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास परवडला. ही सवलत मार्च 2023 मध्ये सुरू झाली नसती तर आमच्यातल्या निम्म्या जणी आल्या नसत्या.

पडताळणी ऑक्टोबरच्या मध्याला झाली. अधिकारी ग्रामपंचायतीत बसले, बायकांनी ओळखपत्र दाखवून त्यांच्यासमोर पुन्हा सही करायची. आम्हाला धास्ती होती ती तारखेची. दसरा 24 ऑक्टोबरला, गाळप हंगाम 1 नोव्हेंबरला. टोळ्या निघाल्यावर पडताळणी लागली असती तर सह्या असूनही बायका हजर नसत्या. म्हणून अर्जातच लिहिलं होतं की महिला ऊसतोडीला जाणार असल्याने पडताळणी त्याआधी व्हावी. अर्जात कारण लिहिलं तर विचार होतो, तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या दिवशी बायका रांगेत दोन-दोन तास उभ्या राहिल्या. दुकानाच्या बाजूची काही माणसं समोरच्या पारावर बसून नावं लिहीत होती. तरीही 25 टक्क्यांच्या बऱ्याच वर सह्या ग्राह्य धरल्या गेल्या.

आणि मग शांतता. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. एका कार्यालयात फाईल दुसऱ्याकडे पाठवली म्हणायचे, दुसरीकडे अजून आली नाही म्हणायचे. पण घाई करून मतदान हिवाळ्यात लागलं असतं तर आमचा पराभव ठरलेला होता, कारण कोयते फडात होते. आम्ही उलट लेखी विनंती केली की मतदान टोळ्या परतल्यानंतर घ्यावं. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळं थांबलं. तुमच्या भागात कामधंद्यामुळे बायका कधी बाहेर असतात, आचारसंहिता कधी लागू शकते, हे कॅलेंडरवर आधी मांडून घ्या.

या रिकाम्या महिन्यांत आम्ही जे केलं ते मला मतदानाइतकंच मोलाचं वाटतं. मार्चमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना महिला बैठकीत बोलावलं. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती कोणाच्या डोक्यात नव्हती: जो माणूस सकाळपासून पितो, त्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. आधी थरथर, घाम, उलट्या, मग झटके येऊ शकतात, माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात धोक्याचे. अशा माणसाला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखल करून औषधांच्या आधाराने दारू सोडवतात, जीवनसत्त्व बी-1 ची इंजेक्शनं देतात. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुकान बंद झालं की आपला माणूस आपोआप सुधारेल असं कित्येकींना वाटत होतं.

त्यानंतर आम्ही गल्लीनुसार पाहिलं की असे सकाळपासून पिणारे कोण आहेत. यादी लिहिली नाही, मुद्दामच. त्यांच्या घरी आशाताई एकट्या गेल्या. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानस 14416, दोन्ही मोफत. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना पैसे लागत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी अल-अनॉन असतं. हे सगळं आम्ही एका कागदावर छापून वाटलं. दोघे जण मतदानाच्या आधीच दाखल झाले. त्यातले एक परतल्यावर टिकले. दुसरे महिन्याभरात पुन्हा प्यायला लागले, नंतर परत दाखल झाले. डॉक्टर म्हणाले हे नेहमीचं आहे, याला अपयश म्हणू नका. त्यांच्या बायकोला हे वाक्य ऐकायची फार गरज होती.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आम्हाला सर्वांत मोठी साथ काही पिणाऱ्या पुरुषांनीच दिली. तेच कोयतेवाले भाऊ मे महिन्यात परतल्यावर माझ्या झेरॉक्स केंद्रावर आले आणि म्हणाले, "आमच्या घरातल्या तिन्ही बायका आडवीला टाकणार. समोर दुकान दिसलं की माझं काही चालत नाही. लांब गेलं तर बघू." तेव्हापासून आम्ही प्रचारात पिणाऱ्यांविरुद्ध एकही घोषणा दिली नाही. कोणाला दारुड्या म्हणायचं नाही, कोणाच्या घरावरून मोर्चा न्यायचा नाही, हे ठरवूनच टाकलं. बाईला घराबाहेर काढायचं असेल तर तिच्या नवऱ्याचा चारचौघांत अपमान करून चालत नाही.

जूनमध्ये पुन्हा पाठपुरावा सुरू केला. जुलैची तारीख निघण्याची चिन्हं दिसल्यावर आणखी एक अर्ज दिला: 17 जुलैला आषाढी आहे, बायका वारीला जातात, तारीख त्यानंतरची द्यावी. 28 जुलै, रविवार ही तारीख मिळाली.

शेवटचा आठवडा फक्त यादी. प्रत्येक गटाकडे आपल्या गल्लीची नावं, आणि प्रत्येक नावासाठी एक जबाबदार बाई. पुण्याला, संभाजीनगरला असलेल्या बायकांना फोन. बाळंतपणाला माहेरी आलेल्या, पण नाव सासरी असलेल्या मुली निराश झाल्या. त्यांना मतदान करता येणार नव्हतं, त्यांनी पोरं सांभाळायचं काम घेतलं. सोयाबीनची खुरपणी चालू होती. सरपंचबाईंनी शेतमालकांना भेटून त्या दिवशी मजुरी बंद ठेवायला सांगितलं. दिवसाचे तीनशे रुपये बुडणार म्हणून दोघी-तिघी कुरकुरल्या, आणि ते रास्तच होतं. त्यांचं काम दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी मिळून उरकलं. दुकानाच्या बाजूनेही माणसं घरोघर फिरली. काहींना उधारी माफ करतो सांगितलं, काहींना बायकोला घरीच ठेव म्हणून सांगितलं. गणित त्यांनाही ठाऊक होतं. कोणाचं मत फिरवायची त्यांना गरजच नव्हती, बाई घराबाहेर पडली नाही की काम झालं.

शाळेत सकाळी आठला मतदान सुरू झालं. तहसीलचे कर्मचारी, पोलीस, पडद्याआड पेटी. नमुना मतपत्रिका आम्ही आधी घरोघर दाखवली होती, कारण 'आडवी' म्हणजे विरोध की पाठिंबा यात म्हाताऱ्या बायकांचा गोंधळ होतो. शिक्का नेमका कुठे मारायचा ते हातात कागद देऊन दाखवा. दुपारी पावसाची सर आली आणि रांग ओस पडली. तो तासभर माझ्या पोटात गोळा होता. जिच्या नावापुढे खूण नाही तिच्या घरी ठरलेली बाई छत्री घेऊन जात होती. चारच्या सुमाराला दाराआडून बोललेल्या त्या काकू आल्या. मला बघून काही बोलल्या नाहीत, सरळ आत गेल्या.

मोजणी तिथेच संध्याकाळी झाली. पडलेल्या मतांत आडव्या बाटलीची मतं उभीच्या कित्येक पट होती. पण एकूण यादीच्या निम्म्याशी तुलना केली तर आम्ही अगदी थोड्या मतांनी पार झालो. जानेवारीच्या फेरीत वारलेल्या आणि परगावी गेलेल्या बायकांची नावं निघाली नसती, तर एवढी मतं पडूनही दुकान राहिलं असतं. निकाल ऐकल्यावर बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. अंगणवाडीताईंनी मला घट्ट धरलं आणि आम्ही दोघी खूप रडलो.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश दोन आठवड्यांच्या आत आला आणि दुकानाला कुलूप लागलं. आदेशाची प्रत मागून घ्या. मालक वर दाद मागू शकतो, तेव्हा सगळे कागद हाताशी लागतात. आमचा एकूण खर्च झेरॉक्स, प्रवास, माहिती अधिकार, नमुना मतपत्रिका धरून आठ-नऊ हजारांच्या घरात गेला. घरटी वीस रुपये आणि उरलेले बचत गटांनी मिळून भरले. बुडालेली मजुरी यात धरलेली नाही.

आता दुकान बंद झाल्यावरचं. काही जण शेजारच्या गावाला जाऊन पितात. तिसऱ्याच आठवड्यात एका घरात आणून विकायला सुरुवात झाली. आम्ही 112 वर फोन केला, पोलिसांनी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम 65 (ई) खाली गुन्हा नोंदवला. महिन्याभराने दुसऱ्या घरात सुरू झालं. अवैध विक्रीवर लक्ष ठेवायला ग्रामरक्षक दल नेमण्याची कायद्यात तरतूद आहे, ते आम्ही आता करतोय. आबांची भीती निराधार नव्हती, पण चौकात रोज शंभर माणसं उभी राहत होती ते थांबलं आहे. जे रोज घेत ते आठवड्याला बाजारच्या दिवशी घेतात, असं चार-पाच घरांतून ऐकायला मिळतं. पूर्ण सुटलेले थोडे. दोन्ही मुलींपैकी एक शाळेत परत गेली. दुसरीचं लग्न ठरलं होतं, ते आम्हाला थांबवता आलं नाही.

खरी कसोटी पुढच्या उचलीच्या वेळी आहे. मुकादमांशी बोलून यंदा उचल बायकोच्याही खात्यात अर्धी जमा करता येईल का, हे विचारून पाहिलं. दोघे तयार झाले आहेत, बाकीचे टाळाटाळ करतात. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी तीन विषय लेखी दिले आहेत: गावाच्या हद्दीत नव्या किंवा स्थलांतरित दारू दुकानाला ग्रामपंचायतीने नाहरकत देऊ नये, ग्रामरक्षक दलाची नावं तहसीलला पाठवावीत, आणि दर महिन्याला आरोग्य केंद्रात व्यसनमुक्तीसाठी डॉक्टर यावेत म्हणून जिल्हा रुग्णालयाला पत्र जावं. पोच घेतली आहे. शेजारच्या गावातल्या बायका अर्जाचा नमुना मागायला आल्या होत्या, त्यांना अर्जाच्या आधी त्यांच्या गावाची मतदार यादी छापून दिली.